शालूच्या हातातली दोरी

शालू, तुझ्या तेरवीला मी आले नाही.

घरून निघाले होते. शेवंतीचा हार घेतला होता. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे, तिथपर्यंत ऑटोने पोचलेही. मांडव दिसत होता. तुझी कविता दारात उभी राहून आलेल्यांना आत नेत होती. तिने मला पाहिलं असतं तर ती पुढे आली असती, ‘सुधा मावशी आली’ असं आत सांगितलं असतं, आणि तुझ्या फोटोच्या सगळ्यात जवळच्या खुर्चीवर मला बसवलं असतं. आईची मैत्रीण म्हणून. त्या खुर्चीवर बसायची माझी हिंमत झाली नाही. ऑटोवाल्याला म्हटलं, परत चल. त्याने आरशातून एकदा माझ्याकडे आणि एकदा हाराकडे पाहिलं आणि गाडी वळवली.

तू कुठे जन्मलीस, किती वर्षं एसटीत नोकरी केलीस, मागे कोण कोण आहे, हे सगळं त्या दिवशी कोणीतरी सांगितलंच असेल. मला ते लिहायचं नाही. मला जी गोष्ट सांगायची आहे ती तुला माहीत होती. मला माहीत होती. आपण दोघी नऊ महिने ती गोष्ट मध्ये ठेवून एकमेकींना ओळख देत राहिलो. ती तोंडाने सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही.

आपली ओळख उमरेडच्या पहिल्या गाडीतली. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले होते. नागपूरच्या महाल भागातल्या घरातून थेट नोकरीवर, हातात डबा, पर्समध्ये इस्त्रीचा रुमाल, आणि गर्दीत अंगाला अंग लागलं की जीव कासावीस. तू कंडक्टर होतीस. फलाटावर गाडी लागली की माणसं दारावर तुटून पडायची. तू दारात आडवा हात लावून उभी राहायचीस. ‘पहिले उतरनारे. मंग पोरी. मंग म्हातारे. बाकीच्यायनं दम धरा, गाडी तुमाले घेतल्याबिगर नाही जाऊन राहिली.’ आवाज चढवायची नाहीस. दोन-तीन मिनिटांत सगळे आत गेलेले असायचे आणि कोणाच्या चपलेचा पट्टासुद्धा तुटलेला नसायचा.

मी एकदा विचारलं होतं, तुझं एवढं ऐकतात कसे?

‘लोकाईले घाई नसते मॅडम,’ तू म्हणालीस. ‘आपन मागं राहून जाऊ असं भेव असते. भेव काढलं का मानूस लाइनीत लागते.’

मी ते वर्गात मुलांना सांगितलं होतं. तुझं नाव न घेता, आणि तुझी भाषा नीट करून.

मग तू वाहतूक नियंत्रक झालीस, स्टँडवर बसायला लागलीस. माझी बदली नागपुरात झाली. तरी भेटी राहिल्या. ‘मॅडम’ची ‘सुधा’ कधी झाले ते आठवत नाही. आठवतं ते हे, की माझे यजमान गेले त्यानंतर वर्षभर मी घरातून जवळजवळ बाहेर पडले नव्हते. लोक येऊन गेले, फोन करून थांबले. तू एका सकाळी साडेपाचला दोन सायकली घेऊन दारात उभी राहिलीस. एक तुझी, एक कविताची. ‘चाल वं, फुटाळ्याच्या तलावाले एक चक्कर मारून येऊ.’ मी म्हटलं, मला तीस वर्षं सवय नाही, गुडघा दुखतो. तू म्हणालीस, ‘मंग ढकलत नेऊ.’ आणि खरंच त्या दिवशी आपण अर्धा रस्ता सायकली ढकलतच गेलो. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा आलीस. तिसऱ्या दिवशीही. मी जगायला लागले ते त्या सायकलीवरून, हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला तसं काही ऐकायची सवय नव्हती आणि मला म्हणायची नव्हती.

सायकल राइडची कल्पना तुझी होती. हेही कुठे लिहिलेलं नाही. छापलेल्या प्रत्येक कागदावर संयोजक म्हणून माझं नाव आहे.

तुझ्या बहिणीचा मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेला. त्याच्या दुखण्याच्या दिवसांत तू बहिणीबरोबर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चादर टाकून झोपली होतीस. गावाकडून आलेले कितीतरी आईबाप तिथेच झोपायचे. ‘त्यायले राहाले चार खोल्या पायजे,’ तू म्हणालीस. ‘आपन सायकली चालवतो, तं त्याच्यासाठीच चालवू. लोकाईले बोलावू.’ पुढचं मी केलं. समिती, पत्रं, परवानग्या, बातम्या. पहिल्या वर्षी दोनेकशे लोक आले. तिसऱ्या वर्षी हजाराच्या वर नावं नोंदली गेली. खोल्यांचं बांधकामही सुरू झालं.

इतक्या माणसांना जानेवारीच्या थंडीत, अंधारात, एका मैदानावर कसं बोलवायचं, हे मला काही कळत नव्हतं. तुला कळत होतं. तुझ्या स्वयंपाकघरात जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तू पेन्सिलीने रस्ता काढला होतास. आपला रस्ता कळमन्यावरून जायचा. तू चार दिवस पहाटे कळमन्याच्या बाजारासमोर जाऊन उभी राहिलीस आणि ट्रक कधी आत जातात, कधी बाहेर पडतात ते पाहून आलीस. साडेसातनंतर रिकामे ट्रक बाहेर पडायला लागतात, त्याच्या आत शेवटची सायकल पलीकडे गेली पाहिजे, असं तुझं म्हणणं. म्हणजे लोकांनी सव्वापाचला मैदानावर, आणि सव्वासहाला फटफटलं की पहिला गट. मग दर पाच मिनिटांनी शंभर-शंभर माणसं. प्रत्येक गटाच्या पुढे एक आडवी दोरी, दोन्ही टोकांना आपली दोन माणसं.

मी म्हटलं, एवढ्या पहाटे कोण येईल? तू म्हणालीस, ‘येतात. पहाटे आलेला मानूस भांडत नाही, उशिरा आलेला भांडते.’

बायकांसाठी फिरती शौचालयं हवीतच, यावर तू अडून बसली होतीस. समितीतल्या पुरुषांना तो फुकटचा व्याप वाटत होता. तू त्यांच्यासमोर सरळ सांगितलंस की सोय नसली तर अर्ध्या बाया घरून पाणी न पिता येतात आणि वाटेत चक्कर येऊन पडतात. सगळे खाली पाहायला लागले. सोय झाली.

एका गोष्टीवर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. मी म्हणायचे, हळू चालवणाऱ्यांना आधी सोडू, म्हणजे ते मागे पडणार नाहीत. तू म्हणायचीस, जोरात जाणारे आधी. ‘मागून येनारा पुढं घुसते, धक्का तिथंच लागते.’ तुझंच बरोबर होतं. मी हे आज म्हणते आहे. तेव्हा मी म्हटलं होतं, बघू.

आणि माइकची गोष्ट. राइडच्या आठ दिवस आधी स्वयंसेवकांना सूचना द्यायच्या होत्या. कॉलेजची मुलंमुली, काही डॉक्टर, काही इंजिनिअर. तू बोलायला उभी राहिलीस, ‘पोरहो, दोरी कोनी सोडाची नाही, मी सांगतल्याबिगर,’ आणि मागे दोघंतिघं हसली. मी पुढे झाले, तुझ्या हातातून माइक घेतला आणि तेच सगळं शुद्ध मराठीत सांगितलं. तू बाजूला उभी राहून मान डोलावत होतीस. मला वाटलं होतं, मी तुझी बाजू सावरली. खरं सांगायचं तर मला तुझी लाज वाटली होती, शालू. माझ्या मैत्रिणीची. जिने मला सायकलीवर बसवलं तिची.

ती सकाळ आता लिहायलाच हवी.

सव्वापाचला मैदान भरलं. थंडी अशी की लोकांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. तुझ्या दोऱ्या लागलेल्या होत्या. माणसं गटागटाने उभी होती, चहा घेत होती, कोणी कोणाला ढकलत नव्हतं. सव्वासहाला तू येऊन विचारलंस, ‘पहिला गट सोडू काय?’

मी म्हटलं, ‘पाहुणे यायचे आहेत. हिरवा झेंडा त्यांच्या हातून आहे.’

साडेसहा झाले. पावणेसात झाले. तू तीनदा येऊन गेलीस. लोक थंडीत तासाच्या वर उभे होते आणि पाय हलवायला म्हणून पुढे सरकत होते. मागचे गट पुढच्यांत मिसळायला लागले. सात वाजता पाहुण्यांची गाडी आली. त्यांच्याबरोबरच्या माणसाने मला बाजूला घेतलं. साहेबांकडे दहाच मिनिटं आहेत, आणि ड्रोनने वरून चित्रीकरण आहे, सगळे एकदम निघाले तर भव्य दिसेल. मी हो म्हटलं. मला कोणी भाग पाडलं नाही. मलाही ते भव्य दिसावंसं वाटत होतं.

मी तुझ्याकडे आले. सगळ्यात पुढच्या दोरीचं टोक तू स्वतः धरलं होतंस.

‘सगळ्यांना एकदम सोडायचं आहे.’

‘काहून?’

‘वेळ राहिला नाही.’

‘सुधा, समोर वळनावर नालीचं काम चालू हाय. काल सांगतलं नाही मी तुले? तिथं तीन सायकली मावते. चौथी नाही मावत.’

‘लोक समजूतदार आहेत, शालू.’

‘समजदार हायेत. पन मागच्याले पुढचं काय दिसून राहिलं? हे लोक दीड-दोन तासापासून कुडकुडून राहिले. आता सुटले का थांबनार नाहीत. दहा मिनिटं दे मले. तीन गट तरी सोडतो.’

व्यासपीठावरून कोणीतरी माझ्या नावाने हाक मारली. मी म्हटलं, ‘शालू, हे बसस्टँड नाही.’

आणि तुझ्या हातातली दोरी काढून घेतली. तू ओढून धरली नाहीस. तुझी बोटं सैल झाली आणि दोरी माझ्या हातात आली. इतकं सोपं होतं ते.

हिरवा झेंडा हलला. टाळ्या झाल्या. हजारभर सायकली निघाल्या आणि खरंच भव्य दिसलं, मिनिटभर. मग वळणाच्या बाजूने लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि तो थांबेना. एकावर एक पडत होते. मागचे येतच होते. मी व्यासपीठाजवळ उभी होते. तू धावत गेलीस. साठीच्या घरातली बाई, स्वेटरवर शिटी लटकवलेली, येणाऱ्या सायकलींच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभी राहिली. तू तिथे उभी राहिली नसतीस तर काय झालं असतं, हे मला नंतर अपघात विभागातल्या डॉक्टरने सांगितलं. पंधरा-सोळा जण पडले. बहुतेकांना खरचटण्यावर भागलं. एका मुलीच्या अंगावर चार सायकली आणि माणसं आली. तिचं मनगट चिरडलं, पुढचे दोन दात गेले. रोशनी तिचं नाव. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

तिसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. टेबलावर जबाबदाऱ्यांचा कागद होता, मीच टाइप केलेला. त्यात लिहिलं होतं, प्रारंभ रेषा आणि गर्दी नियंत्रण: शालिनीताई, म्हणजे तू. अध्यक्षांनी विचारलं, ‘स्टार्ट कोणाकडे होता? एकदम कसे सोडले सगळे?’

शालू, मला फक्त ‘मी सांगितलं’ एवढं म्हणायचं होतं. मी समोरच्या कागदाकडे पाहत राहिले. माझं नाव, माझी नोकरी, महालातलं माझं घर, उद्याची बातमी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तू वाट पाहिलीस. मला ते कळत होतं, तू माझी वाट पाहते आहेस. मग तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. त्यात राग नव्हता. कोणाला किती झेपेल याचा अंदाज घेतात तसं पाहिलंस.

‘स्टार्ट माह्याकडं होता,’ तू म्हणालीस.

कोणीतरी म्हटलं, ही जबाबदारी शिकलेल्या माणसाकडे द्यायला हवी होती. मी तेव्हाही गप्प बसले. तुझी बाजू घ्यायची ती दुसरी संधी होती, आणि ती तर सोपी होती.

बैठक संपल्यावर जिना उतरताना तू मागून म्हणालीस, ‘गुडघा दुखून राहिला तुहा. कठड्याले धर.’ मी कठडा धरला. वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तू समितीत आली नाहीस. कोणी बोलावलंही नाही. मी सकाळी फुटाळ्याला जायचं सोडलं आणि दुसऱ्या बाजूने फिरायला लागले, कारण तू फुटाळ्याला असशील. उन्हाळ्यात एकदा बर्डीच्या बाजारात समोरासमोर आलो. उन्हात उभं राहून आपण पाच मिनिटं बोललो. कविताचं, माझ्या गुडघ्याचं, उन्हाचं. तू उसाचा रस पिऊ म्हणालीस. मी म्हटलं, घाईत आहे. मला कसलीही घाई नव्हती.

मग ऑक्टोबरात डेंग्यू. कविताचा फोन आला तेव्हा तुला भरती करून तीन दिवस झाले होते. मी आले. येताना ऑटोत मी वाक्य ठरवून ठेवलं होतं: शालू, चूक माझी होती, मी सगळ्यांना सांगणार आहे. आत दहा मिनिटं मिळाली. तू जागी होतीस. डोळे लाल, ओठ फुटलेले, हाताला सलाइन. तू म्हणालीस, ‘जानेवारीची तयारी सुरू झाली काय?’

आणि मी काय बोलले, आठवतं तुला? मी म्हटलं, ‘तू बरी हो लवकर. या वेळीही स्टार्ट तुझ्याकडेच आहे.’ हसून म्हटलं. जणू मी तुला माफ केलं होतं.

तू भिंतीकडे तोंड केलंस. ‘नको वं,’ एवढंच म्हणालीस.

मला वाटलं, थकली आहे, उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

तेरवीनंतर आठ दिवसांनी मी तुझ्या घरी गेले. हार नेला नाही. कविता एकटी होती, तुझ्या साड्यांच्या घड्या घालत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर इकडचं तिकडचं बोलले असते. दोरीचं, बैठकीचं, हॉस्पिटलमधलं. मला वाटत होतं, तिला हे ठाऊक असेल. तू घरी तरी बोलली असशील. एखाद्या संध्याकाळी, भाजी निवडताना, ‘सुधानं असं केलं’ एवढं तरी.

कविताच्या हातातली साडी तशीच राहिली.

‘मावशी,’ ती म्हणाली, ‘मी आईले लय बोलली होती. म्हटलं, तुले कोनी सांगतलं होतं पुढारपन कराले. लोकाईची पोरगी अपंग केली तू. एक महिना मी तिच्याशी धड बोलली नाही. ती काही म्हनाली नाही मले.’

हातातली साडी खाली ठेवून तिने विचारलं, ‘आता मी कोनाले सांगू, का माहं चुकलं?’

शालू, मला वाटत होतं मी फक्त तुझं वाईट केलं. तुझ्या पोरीच्या वाट्याचं मला माहीतच नव्हतं. माझ्यापाशी तिला द्यायला काही नव्हतं. मी रडलेसुद्धा नाही, कारण मला रडू आलं असतं तर तिला माझी समजूत काढावी लागली असती, आणि तुझी पोरगी आहे, तिने काढलीही असती.

शेवटी ती म्हणाली, ‘मले सांगून काय होते? ज्यायच्यासमोर चूप बसल्या, त्यायले सांगा. त्या पोरीले सांगा.’

रविवारी समितीची बैठक होती. मी उभी राहिले आणि सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, ‘ताई, आता गेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढायचं?’ मी म्हटलं, तिचं काही उकरत नाही, माझं सांगते आहे, आणि हे इतिवृत्तात लिहा. लिहिणाऱ्याने पेन थांबवलं होतं. मी तो लिहीपर्यंत उभी राहिले. मग संयोजकपद सोडल्याचं पत्र टेबलावर ठेवलं. दोघांनी माझ्या धाडसाचं कौतुक केलं, ते मला सर्वात जास्त लागलं. जाताना माझ्याकडे राहिलेलं तुझं कॅलेंडर मात्र मी त्यांच्या हाती दिलं, आणि गट कसे सोडायचे ते तुझ्या शब्दांत सांगितलं. दुरुस्त न करता.

काल रोशनीकडे गेले. ती दोन मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. पत्ता कविताने दिला. मला आश्चर्य वाटलं, तिच्याकडे पत्ता कसा.

रोशनीने मला ओळखलं, व्यासपीठावरची बाई म्हणून. बसायला खुर्ची दिली. तिचं उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही. वर्ष गेलं, पण पुन्हा प्रवेश मिळाला आहे. मी काही बोलायच्या आत तिनेच तुझं विचारलं. तू गेल्याचं तिला कळलं होतं.

‘त्या दर रविवारी यायच्या,’ ती म्हणाली. ‘डबा घेऊन. पहिल्या टायमाले आल्या तवा मी लय बोलली त्यायले. म्हटलं, तुमच्यामुळं माहं वर्ष गेलं.’

‘मग?’

‘म्हनाल्या, हो बाई. आनि माही वेनी घालून दिली. मले एका हातानं जमत नव्हती ना. मंग दर रविवारी न्हाऊ घालाच्या, वेनी घालाच्या. प्लास्टर निघेपर्यंत.’

मी इतक्या महिन्यांत एकदाही तिच्याकडे गेले नव्हते. तिचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं.

मी तिला सांगितलं. कविताला सांगितलं होतं तसंच, शेवटपर्यंत. सगळ्यांना एकदम सोडायचं मी ठरवलं होतं, शालिनीताईंनी अडवलं होतं, मी ऐकलं नाही. आणि तिला म्हटलं, ज्या बाईला तू बोललीस तिने त्यातलं काहीच केलं नव्हतं.

रोशनी डाव्या हाताने उजवं मनगट चोळत राहिली. मग म्हणाली, ‘मंग तुम्ही तवा काहून नाही बोलल्या?’

माझ्याकडे पुष्कळ उत्तरं तयार होती. राइड बंद पडली असती, खोल्यांचं बांधकाम थांबलं असतं, पाहुण्यांचं नाव आलं असतं. सगळी थोडी थोडी खरीही होती.

‘भीती वाटली,’ मी म्हटलं. ‘लोक मला काय म्हणतील याची.’

तिने मान हलवली. रागावल्यासारखी नाही, नीट विचार केल्यासारखी.

‘त्यायले नसन वाटली काय?’ ती म्हणाली.

शालू, तुला वाटली होती का, हे मी तुला कधी विचारलंच नाही.